अथेन्सहून नाक्सोसला बोटीने जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गेला असाल, तर ग्रीक बोटीची निम्मी ओळख तुम्हाला आधीच झालेली आहे. २०२० साली सुरू झालेल्या त्या सेवेचं जहाज ग्रीसमध्येच बांधलेलं. नावही ग्रीकच: ‘प्रोतोपोरोस’, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा. मागचं तोंड उघडून गाड्या पोटात घ्यायच्या आणि माणसांनी जिने चढून वर जायचं, ही रीत तीच. फरक एवढाच की इथे तासाभराऐवजी पाच-साडेपाच तास बसायचं असतं आणि मध्ये एजियन समुद्राचा वारा असतो.

नाक्सोस या ग्रीक बेटावरून आल्यापासून नात्यागोत्यातल्या प्रत्येक इच्छुकाला मी तीच उत्तरं फोनवर देतो आहे. ती इथे एकदाची लिहून ठेवली आहेत.

सगळ्या बेटांच्या बोटी पिरेअसहूनच सुटतात का?

नाही, आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पिरेअस हे अथेन्सचं मोठं बंदर. नाक्सोस, पारोस, सॅन्टोरिनी हा सिक्लाडीस बेटांचा पुंजका, क्रीट, ऱ्होड्स आणि एजिना-हिद्रासारखी जवळची बेटं यांच्या बोटी तिथून निघतात. अथेन्सच्या पूर्वेला राफिना आहे. ते विमानतळाला जवळ पडतं आणि आंद्रोस, तिनोस, मिकोनोससाठी सोयीचं. केआ आणि किथनोससाठी लावरिओ.

पण कॉर्फू, झाकिंथोस, केफालोनिया ही बेटं देशाच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात. कॉर्फूला जायचं तर वायव्येच्या इगुमेनित्सा बंदरातून साधारण दीड तास, आणि झाकिंथोससाठी पेलोपोनीस द्वीपकल्पातलं किलिनी. स्कियाथोस-स्कोपेलोससाठी व्होलोस, थासोससाठी कावाला किंवा केरामोती. आधी बेट ठरवा, मग बंदर बघा, अथेन्समधलं हॉटेल त्यानंतर.

नावांचा घोळही इथेच सांगून टाकतो. सॅन्टोरिनीचं ग्रीक नाव थीरा, कॉर्फूचं केरकिरा, आणि लेस्वोसला जाणाऱ्या बोटीवर मितिलिनी लिहिलेलं असतं. काही बेटांना दोन-दोन बंदरं आहेत. आमोर्गोसला कातापोला आणि एगिआली, इकारियाला आगिओस किरिकोस आणि एव्दिलोस. खोली एका टोकाला आणि बोट दुसऱ्या टोकाला, असं झालं की डोंगर ओलांडून टॅक्सी करावी लागते.

नाक्सोसच का? सगळे तर सॅन्टोरिनीला जातात.

सिक्लाडीसमधलं हे सगळ्यात मोठं बेट. स्वतःची शेती आहे, बटाटे आणि चीज प्रसिद्ध आहेत, किनारे लांबलचक आहेत आणि खोल्यांचे दर सोसतात. सॅन्टोरिनी बघायचीच असेल तर तीच बोट बहुतेक वेळा पुढे तिथेच जाते. दोन दिवस तिथे, चार दिवस इथे, असा माझा हिशेब आहे. उलटा करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

मोठी बोट घ्यावी की वेगवान?

मोठी. हे उत्तर मी इतक्या ठामपणे देतो याची कारणं आहेत.

पिरेअस ते नाक्सोस अंतर सुमारे १०० सागरी मैल. मोठं नेहमीचं जहाज ते पाच ते साडेपाच तासांत कापतं, वेगवान कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची बोट, साधारण साडेतीन-चार तासांत. म्हणजे वाचतो तास-दीड तास. त्यासाठी तिकीट कितीतरी जास्त, बऱ्याचदा दीडपट किंवा त्याहून अधिक. बहुतेक वेगवान बोटींत तुम्ही विमानासारख्या खुर्चीत, बंद काचेमागे बसता. उघडा डेक नसतो, किंवा असला तरी नावापुरता. मोठ्या जहाजाला चार-पाच मजले, मागे आणि बाजूंना मोकळे डेक, कॅफे, फिरायला जागा. या मार्गावरचं ‘ब्लू स्टार देलोस’ हे जहाज २०११ मध्ये कोरियात बांधलेलं, जवळजवळ १४५ मीटर लांब आणि सुमारे २,४०० प्रवासी घेणारं. एवढं धूड लाटेवर डुलतं, पण उसळत नाही. हलकी वेगवान बोट लाटांवर आपटत जाते. शिवाय वारा वाढला की बंद होण्यात पहिला नंबर तिचाच.

वेगवान बोट घ्यावी कधी? तुमच्या वेळेला मोठी नसेल तेव्हा, समुद्र शांत असेल तेव्हा, किंवा हातात मोजके दिवस असतील तेव्हा. ज्यांना समुद्र बघण्यात रस नाही त्यांनीही घ्यावी. अशी माणसं असतात, माझ्या घरातच एक आहे.

विमानाचा पर्यायही आहे. अथेन्सहून नाक्सोसला छोटं विमान जातं, पाऊण तासाच्या आत पोचवतं, पण जागा मोजक्या आणि सामानाची मर्यादा कडक.

तिकीट कधी आणि कुठून काढायचं? किती पडतं?

बोट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा सगळ्या कंपन्यांची वेळापत्रकं एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरून. उन्हाळ्याची वेळापत्रकं टप्प्याटप्प्याने जाहीर होतात. सप्टेंबरची बोट आदल्या ऑक्टोबरमध्ये दिसली नाही तर ती बंद पडली असं समजू नका. जुलै-ऑगस्टसाठी दोन-तीन महिने आधी काढावं. मे, जून किंवा ऑक्टोबरमध्ये डेकचं तिकीट बहुधा चार दिवस आधीही मिळतं.

मोठ्या बोटीचं साधं तिकीट ४० ते ६० युरोंच्या घरात धरून चाला. साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांच्याही नावाचं तिकीट काढावंच लागतं. दहा वर्षांपर्यंत बहुधा अर्धं.

१५ ऑगस्टच्या आसपास जात असाल तर सगळं विसरा आणि आधी तिकीट काढा. त्या दिवशी मेरीमातेचा मोठा सण असतो आणि अख्खं अथेन्स गावी जातं. तिनोस बेटावरच्या पानागिया एव्हांगेलिस्त्रिया चर्चकडे भाविक बंदरापासून चढणीच्या रस्त्याने गुडघ्यांवर रांगत जातात. नवस बोलणारे आणि फेडणारे लोक आपल्याला नवीन नाहीत. त्या बोटींची गर्दीही आषाढीच्या एसटीची आठवण करून देते.

साध्या तिकिटात बसायला जागा मिळते का?

मिळते, पण धरावी लागते. साध्या तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो. कॅफेतले सोफे, आतली बाकं, बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जिथे मिळेल तिथे बसायचं. थोडे युरो जास्त देऊन नंबरची खुर्ची घेता येते. वयस्कर माणसं किंवा लहान मूल सोबत असेल तर घ्याच. दिवसाच्या बोटीला केबिनची गरज नाही. क्रीटला रात्रीची बोट असते, आठ-नऊ तासांची. तिथे मात्र केबिन म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचली.

पासपोर्ट लागतो का? व्हिसा वेगळा?

देशांतर्गत प्रवास आहे, वेगळा व्हिसा नाही. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, ग्रीसमध्ये आहात तेवढं पुरे. पण तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं आणि पासपोर्ट जवळ हवा. बोटीत चढताना तपासतात.

एक धोक्याची सूचना खास भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. कोसहून बोद्रुम, ऱ्होड्सहून मार्मारिस अशा तुर्कस्तानच्या एका दिवसाच्या बोटी निघतात आणि धक्क्यावरचे दलाल ‘सकाळी जा, संध्याकाळी परत’ असं सांगतात. युरोपियन माणसाला ते खरं आहे. आपल्याला तुर्कस्तानचा व्हिसा लागतो, आणि तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता. तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर संध्याकाळी परत येता येणार नाही. व्हिसावर प्रवेशांची संख्या काय छापली आहे, ते घरूनच बघून निघा.

विमानतळावरून पिरेअसला कसं जायचं?

मेट्रोची ३ नंबरची, निळी लाइन ऑक्टोबर २०२२ पासून थेट पिरेअसपर्यंत जाते. गाडी बदलायची नाही, सुमारे तासभर लागतो. एक्स ९६ नंबरची बस चोवीस तास धावते. ती स्वस्त आहे, पण रहदारीत सापडली तर दीड तास सहज.

इथे एक मेख आहे. नाक्सोसची सकाळची मोठी बोट साडेसातच्या सुमारास सुटते. पहाटे विमान उतरलं तर मेट्रोच्या पहिल्या गाडीने ती गाठणं अवघड, म्हणून बस किंवा टॅक्सी. आणि खरं सांगायचं तर भारतातून रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी बोट पकडायच्या भानगडीत पडूच नका. एक रात्र पिरेअसमध्ये काढा.

शहराच्या मध्यभागातून येत असाल तर १ नंबरची हिरवी लाइनही आहे. अथेन्स-पिरेअस ही रेल्वे १८६९ साली वाफेच्या इंजिनावर सुरू झालेली. पिरेअसचं स्टेशन छान जुनं आहे. खिसा सांभाळा, या लाइनवर पाकीटमारांचा सुळसुळाट आहे.

पिरेअस बंदरात आपली बोट शोधायची कशी?

बंदराला ई-१ पासून पुढे अशी नंबरवार फाटकं आहेत. सिक्लाडीसच्या बोटी बहुतेक वेळा ई-६, ई-७ च्या आसपास, म्हणजे स्टेशनच्या जवळजवळ समोर. ऱ्होड्सकडच्या बोटी ई-१ ला, आणि ते चांगलं लांब आहे. बंदराच्या आत फुकट बस फिरते, तिचा उपयोग करा. फाटक कधीकधी ऐनवेळी बदलतं, म्हणून आदल्या दिवशी कंपनीचा निरोप आला आहे का ते बघा. बोट सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर असावं. ग्रीक माणूस दहा मिनिटं आधी कॉफी हातात घेऊन येतो आणि त्याला बोट मिळतेही. आपण ते करायला जाऊ नये.

सामानाचं वजन करतात का?

नाही. बोटीत शिरताच गाड्यांच्या मजल्यावर बाजूला रॅक असतात, त्यावर बेटांची नावं लिहिलेली असतात. नाक्सोसच्या रॅकवर बॅग ठेवायची आणि वर जायचं. कुलूप लावा, औषधं, पासपोर्ट आणि स्वेटर बरोबर घ्या. बोट चालू असताना खाली जाऊ देत नाहीत. स्वेटर कशाला, तर ऑगस्टमध्येही आतला एसी थंडगार आणि डेकवरचा वारा बोचरा असतो.

आईला बोट लागते. काय करावं?

सकाळची मोठी बोट, मधल्या भागातली जागा, शक्यतो खालच्या मजल्यावर. बोटीच्या पुढच्या टोकाला हेलकावे सगळ्यात जास्त, तिथे बसवू नका. पोट रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, क्षितिजाकडे बघायचं. गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून भारतातूनच न्या आणि बोट सुटण्याआधी घ्या. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आलेपाक माझ्या आईला उपयोगी पडला. शेजारच्या ग्रीक आजींनाही तिने दोन वड्या दिल्या.

मेल्टेमी म्हणजे काय? बोट रद्द होते का?

आपल्याकडे कोळी नारळीपौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात. एजियनमध्ये पाऊस नसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, तोच मेल्टेमी. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र पांढऱ्या फेसाने भरलेला. इतक्या सुंदर दिवशी बोट रद्द कशी झाली, असं विचारत पर्यटक धक्क्यावर उभे असतात. जुन्या ग्रीकांना हा वारा चांगला ठाऊक होता. वर्षाच्या वर्षाला येणारे म्हणून ते त्याला ‘एतेसियन’ वारे म्हणत.

वाऱ्याचा जोर बोफर्ट मापात सांगतात. साधारण ८ बोफर्टच्या पुढे मोठ्या जहाजांनाही बंदर सोडायला मनाई होते. वेगवान बोटींची वेळ त्याआधीच येते. या मनाईला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, कारण धक्क्यावर कुजबूज सुरू होते ती याच शब्दाने. निर्णय तटरक्षक दलाचा असतो, कंपनीचा नाही, त्यामुळे खिडकीवरच्या मुलीवर आवाज चढवून काही होत नाही. हिवाळ्यात दक्षिणेच्या वाऱ्यानेही हेच घडतं.

माझ्यावर ही पाळी परतताना आली. संध्याकाळची बोट रद्द, दुसऱ्या दिवशीचीही रद्द, तिसऱ्या दिवशी सकाळी सुटली. धक्क्यासमोरच्या खानावळवाल्याने हात पसरून आकाशाकडे दाखवलं आणि खुर्ची पुढे केली. माझं मुंबईचं विमान चौथ्या दिवशी होतं म्हणून निभावलं. आमच्या शेजारच्या खोलीतल्या जोडप्याचं दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी होतं, त्यांचं तिकीट पाण्यात गेलं. म्हणून एक नियम: बेटावरून परत आल्यावर अथेन्समध्ये किमान एक पूर्ण दिवस हातचा ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये दोन. अॅक्रोपोलिस बघायचा राहिला असेल तर तो या दिवशी बघा, आधी नको.

बोट रद्द झाली तर पैसे मिळतात का?

तिकिटाचे मिळतात, किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. निवड तुमची. युरोपीय संघाचा २०१० चा ११७७ क्रमांकाचा नियम हेच सांगतो. सुटायला दीड तासाहून जास्त उशीर होणार असेल तरीही हे हक्क लागू होतात, आणि शक्य असेल तिथे खाणंपिणंही देणं लागतं. बोट उशिरा पोचली तर उशिराच्या प्रमाणात भाड्याच्या २५ किंवा ५० टक्के भरपाई आहे. पण कारण हवामान असेल तर भरपाई नाही आणि हॉटेलचा खर्चही नाही. मेल्टेमीत अडकलात तर खोलीचे पैसे तुमचेच. प्रवासविमा घेताना हवामानामुळे चुकलेल्या जोडप्रवासाचं कलम वाचून घ्या.

संपाचं काय?

होतात. खलाशांच्या संघटना २४ तासांचा संप साधारणतः आधी जाहीर करतात. १ मे रोजी बोटीचा बेत आखूच नका.

बोटीवर शाकाहारी खायला मिळतं का?

मिळतं, कंटाळा येईपर्यंत. चीजची तिरोपिता, पालकाची स्पानाकोपिता, सँडविच, सॅलड, बटाटे. बंदरावरच्या बेकरीतून घेतलं तर ताजं आणि निम्म्या दरात. सोबत बर्फ घातलेली फ्रेद्दो कॉफी घ्या.

बेटावर ‘निस्तीसिमो’ हा शब्द उपयोगी पडतो, म्हणजे त्यांच्या उपवासाला चालणारा पदार्थ. त्यात मांस, अंडी, दूध काही नसतं. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूल आणि ऑक्टोपस चालतात! त्यामुळे निस्तीसिमो ऐकून निर्धास्त होऊ नका, विचारून घ्या. घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांचे ‘गिगांदेस’ आणि पिवळ्या डाळीचा ‘फावा’ बहुधा बिनधोक. फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल.

उतरताना काय लक्षात ठेवायचं?

नाक्सोसच्या आधी पारोस लागतं. दोन्ही बंदरांची घोषणा ग्रीकमध्ये आणि मग इंग्रजीत होते, आणि इंजिनाच्या आवाजात नावं सारखीच ऐकू येतात. मोबाइलवर नकाशा उघडून ठेवा. घोषणा झाली की लगेच खाली या. गाड्यांच्या मजल्यावर अंधार, धूर, ट्रकचे भोंगे, आणि ओरडणारा खलाशी. तो रागावलेला नसतो, तसाच बोलतो. बोट धक्क्याला पाठ लावते, तोंड उघडतं आणि सगळा लोंढा बाहेर पडतो. थांबा अवघा काही मिनिटांचा. वर झोप लागली तर सरळ सॅन्टोरिनी. पुराणकथेत अथेन्सचा राजपुत्र थेसिअस क्रीटहून परतताना तिथली राजकन्या आरिआद्नी हिला याच बेटावर सोडून गेला होता, तेव्हा नाक्सोसच्या धक्क्यावर माणूस मागे राहण्याची परंपरा जुनी आहे. तुम्ही निदान उतरायचं विसरू नका.

आजी-आजोबांना जमेल का?

मोठ्या जहाजांवर सरकते जिने किंवा लिफ्ट असतात, कधी दोन्ही. चाकाच्या खुर्चीची मदत हवी तर ४८ तास आधी कळवायचं. नाक्सोस गावाचा धक्का सपाट आहे. सॅन्टोरिनीच्या अथिनिओस बंदरातून मात्र वळणावळणांचा कडा चढून जावं लागतं, बस किंवा टॅक्सी आधी ठरवलेली बरी.

भाड्याची गाडी बोटीत नेता येते का?

गाडी देणाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागेल. माझं मत विचाराल तर गाडी नाक्सोसवर उतरून घ्या.

या बोटी सुरक्षित आहेत का?

आहेत. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्स्प्रेस सामिना’ ही बोट पारोसजवळच्या पोर्तेस खडकांवर आदळून बुडाली आणि ८० हून अधिक माणसं गेली. ग्रीसने त्यानंतर नियम कडक केले. जुनी माणसं आजही पारोसला शिरताना त्या खडकांकडे बोट दाखवतात. वारा वाढला की बोटी सोडत नाहीत, ही गैरसोय नाही.

वाटेत बघायला काय आहे?

पहिला तास बंदराचा, कंटाळवाणा. त्यानंतर डाव्या हाताला डेकवर या. हवा स्वच्छ असेल तर लांबवर सुनिओचं भूशिर दिसतं आणि त्यावरच्या पोसायडनच्या देवळाचे खांब पांढऱ्या काड्यांसारखे. जिवंत परतलो तर काळं शीड बदलीन असं ठरलेलं असून थेसिअस ते बदलायला विसरला. ते पाहून मुलगा मेला असं समजून राजा एजिअसने इथूनच उडी टाकली, म्हणून या समुद्राला एजियन म्हणतात, असं सांगतात. मग बराच वेळ नुसतं पाणी आणि उघडीबोडकी, मातकट बेटं. नाक्सोसला बोट वळू लागली की पुढे या. एका छोट्या टेकाडावर संगमरवराची एकच चौकट उभी दिसते, ती पोर्तारा. अपोलोचं म्हणतात त्या देवळाचा हा दरवाजा. देऊळ पुरं झालंच नाही, दरवाजा मात्र अडीच हजार वर्षं उभा आहे.

नाक्सोसहून पुढे छोट्या बेटांवर जाता येतं का?

‘एक्स्प्रेस स्कोपेलितिस’ नावाची लहानशी बोट आहे. इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसिया असं करत ती आमोर्गोसला जाते. या बेटांना डाक, किराणा, गॅसची सिलिंडरं, शाळेचे मास्तर सगळं तीच पुरवते. कोकण बोटीची आठवण असलेली पिढी घरात असेल तर त्यांना हिच्यात बसवाच. ती डुलते मात्र भरपूर, आलेपाक शिल्लक ठेवा.